नऊ महिने नऊ दिवस

वडोदरा शहरातील मराठी घरांत सातव्या महिन्यात गर्भवतीचे डोहाळजेवण होते. शेजारच्या गुजराती घरी बहुधा त्याच सुमारास 'खोळो भरवो' हा विधी पार पडतो. भाषा व रीत निराळी असली, तरी ओटी भरण्यामागील भावना एकच असते. आई व बाळ दोघेही सुखरूप असावीत, हीच ती भावना होय.

'नऊ महिने नऊ दिवस' असे लोक म्हणतात. वैद्यकशास्त्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे सुमारे नऊ महिने सात दिवस मोजते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाचे स्पंदन सुरू होते. पहिलटकरणीस साधारणतः अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल प्रथम जाणवते. पुढे गर्भास ध्वनी ऐकू येऊ लागतात. म्हणूनच नवजात अर्भक आईचा आवाज ओळखते.

बाळाचा प्राणवायू व पोषण आईच्या रक्तातून वार व नाळेवाटे पोचते. त्यासाठी आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. लोह अपुरे पडल्यास पंडुरोग जडतो आणि प्रसूतीतील थोडाही रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. यास्तव पहिले तीन महिने संपताच किमान १८० दिवस लोहाची गोळी रोज घ्यावयाची असते.

आईचे वय हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०४ साली बडोदे संस्थानात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला. आज मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे आहे. अपुऱ्या वाढीच्या शरीरावर मातृत्वाचा भार पडू नये, हे त्यामागील एक कारण होय.

गरोदरपणात किमान चार वेळा तपासणी आवश्यक आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य केली जाते. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर सूज, झटके अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. गुजरातेत २००७ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

डोहाळजेवणास सारे आप्त जमतात. प्रसूती कोठे करावयाची, सोबत कोण जाईल व गरज पडल्यास रक्त कोण देईल, हे त्याच दिवशी ठरवावे. तसे झाल्यास ओटीतील आशीर्वादास पूर्वतयारीचीही जोड मिळेल.