एकच नाव, दोन वेगळी कार्डं : लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड कसं वाचायचं?

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही किंवा बसमध्ये इयरफोन विसरले, त्यांच्यासाठी हा लिखित स्वरूपात. बोलताना आकडे पटकन निसटतात, त्यामुळे दुकानात जायच्या आधी हे पान फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

विषय निघाला मागच्या रविवारी. सांगलीहून मामेबहिणीचा फोन आला. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेलीये आणि आता स्केचअप, लुमियन, रेंडरिंग सगळं सुरू होणार. मामांनी तिच्या लॅपटॉपसाठी पतपेढीतली आरडी मोडलीये. म्हणजे खरेदी एकदाच होणार, आणि तो लॅपटॉप पुढची चार वर्षं चालवायचा.

तिने दोन फोटो पाठवले. एका लॅपटॉपवर आरटीएक्स ४०५० चं स्टिकर, दुसऱ्यावर आरटीएक्स ४०६०. दुसरा दिसायला एकदम पातळ, देखणा आणि बारा हजारांनी महाग. तिचा प्रश्न सरळ होता. "दादा, ४०६० मोठं ना? मग तोच घेऊ ना?"

मी म्हटलं, "थांब. आत्ता पैसे भरू नका." कारण हीच चूक मी स्वतः करून बसलोय.

माझं काय झालं होतं

२०२३ च्या दिवाळीत ऑफर बघून मी एक पातळसा लॅपटॉप घेतला. कार्ड आरटीएक्स ४०६०. माझ्या रूममेटकडे जाडजूड, विटेसारखा लॅपटॉप होता, त्यात ४०५०. मी त्याला चिडवायचो. एकदा आम्ही ब्लेंडरची एकच फाइल दोघांच्या लॅपटॉपवर रेंडरला लावली. त्याचं काम २६ मिनिटांत संपलं. माझं ३२ मिनिटांत.

मला वाटलं पीस खराब आहे. ड्रायव्हर परत टाकला, विंडोज परत टाकलं, कस्टमर केअरला फोन करून झाला. पीस अजिबात खराब नव्हता. माझं कार्ड ४५ वॅटवर चालत होतं आणि त्याचं ९५ वॅटवर. हा आकडा माझ्या लॅपटॉपच्या खोक्यावर कुठेच नव्हता. वेबसाइटवर होता, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात. मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो.

पहिला आकडा : वॅट

याला टीजीपी म्हणतात, म्हणजे टोटल ग्राफिक्स पॉवर. कार्डाला जास्तीत जास्त किती वीज खायची परवानगी आहे, तो हा आकडा. काही कंपन्या "मॅक्स ग्राफिक्स पॉवर" असंही लिहितात.

गावाकडच्या मंडळींना पटकन कळेल. पाच एचपीची मोटार आहे, पण लाइट कमी दाबाने आली तर पाणी कसं येतं? मोटार तीच, पाटी तीच, पण पाइपातून धार बारीक. लॅपटॉपच्या कार्डाचं साधारण असंच आहे.

एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीप्रमाणे लॅपटॉपचं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवता येतं. त्यानुसार त्याचा बूस्ट क्लॉक १४७० ते २३७० मेगाहर्ट्झ असा बदलतो. म्हणजे चिप तीच, नाव तेच, स्टिकर तेच, आणि वेगात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. ४०५० आणि ४०७० यांनाही ३५ ते ११५ वॅट हीच रेंज आहे. २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजमध्येही हा प्रकार संपलेला नाही. ५०६० ची रेंज ४५ ते १०० वॅट आहे.

असं का करतात? कारण उष्णता. जितके वॅट आत जातात, तितकी उष्णता बाहेर काढावी लागते. त्यासाठी मोठे पंखे लागतात, तांब्याच्या जाड नळ्या लागतात, आत मोकळी जागा लागते. पातळ लॅपटॉपमध्ये ती जागाच नसते. त्यामुळे कंपनी कार्डाचा घास कमी करते. यात फसवणूक आहे असं नाही. पातळ लॅपटॉप उचलायला हलका असतो, त्याची ती किंमत आहे. फक्त ती किंमत आपल्याला आधी कळायला हवी.

पूर्वी हे नावावरूनच कळायचं. २०१७ मध्ये एनव्हिडियाने "मॅक्स-क्यू" नावाचा प्रकार आणला होता. पातळ लॅपटॉपमधल्या कमी वॅटच्या कार्डाच्या नावापुढे ही शेपटी लागायची. २०२१ मध्ये ३० सिरीज आली आणि नावातली शेपटी गेली. त्यावर टीका झाली, मग वॅट आणि क्लॉकचे आकडे वेबसाइटवर द्या असं लॅपटॉप कंपन्यांना सांगण्यात आलं. म्हणून आकडे आता सापडतात, पण शोधावे लागतात.

एक बारीक गोष्ट. काही ठिकाणी ४०६० ला "१४० वॅट" लिहिलेलं दिसेल. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर ११५ सांगितलं! ते ११५ अधिक २५ असतं. त्या वरच्या २५ ला डायनॅमिक बूस्ट म्हणतात. प्रोसेसरला काम कमी असेल तेव्हा त्याच्या वाटची वीज कार्डाला मिळते. कायम मिळेलच असं नाही. म्हणून दोन लॅपटॉपची तुलना करताना दोन्हीकडे बूस्ट धरलाय की नाही, ते बघा.

लॅपटॉपचं कार्ड आणि डेस्कटॉपचं कार्ड

यूट्यूबवर आपण कार्डाचा रिव्ह्यू बघतो आणि त्या जोरावर लॅपटॉप घेतो. तो रिव्ह्यू बऱ्याचदा डेस्कटॉपच्या कार्डाचा असतो.

सगळ्यात ठळक उदाहरण आरटीएक्स ४०९०. डेस्कटॉपमध्ये त्यात १६,३८४ कुडा कोअर, २४ जीबी मेमरी आणि ४५० वॅट. लॅपटॉपमधल्या ४०९० मध्ये ९,७२८ कोअर, १६ जीबी मेमरी आणि ८० ते १५० वॅट. ४०७० चंही तसंच. डेस्कटॉपला १२ जीबी, लॅपटॉपला ८ जीबी. म्हणून रिव्ह्यू शोधताना कार्डाच्या नावापुढे "लॅपटॉप" हा शब्द टाका. त्याहून चांगलं म्हणजे, घ्यायच्या लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव टाका.

दुसरा आकडा : व्हीरॅम

व्हीरॅम म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. हिला कामाचं टेबल समजा. ड्रॉइंगशीट टेबलावर मावली, तर काम भराभर. नाही मावली, तर दर वेळी उठून कपाटापाशी जावं लागतं. आणि काही सॉफ्टवेअर उठतही नाहीत, सरळ "मेमरी संपली" म्हणून रेंडर बंद करतात.

वॅट कमी असले तर काम हळू होतं, पण होतं. व्हीरॅम कमी पडली तर काही वेळा काम होतच नाही. ४०५० मध्ये ६ जीबी आहे, ४०६० मध्ये ८ जीबी. माझी ती ब्लेंडरची फाइल ६ जीबीत मावत होती, म्हणून रूममेट जिंकला. झाडं, गवत, माणसं, फर्निचर असलेला मोठा सीन असता तर कदाचित चित्र उलटं असतं. आणि हो, ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. रॅम वाढवता येते, एसएसडी बदलता येते, व्हीरॅम मात्र घेतली तेवढीच.

इथे एक सापळा आहे. मामेबहिणीला एका दुकानात सांगितलं, "यात १२ जीबी ग्राफिक्स आहे." मी कार्ड विचारलं तर आरटीएक्स ३०५०, तेही ४ जीबीवालं. मग १२ कुठून आले? लॅपटॉपची रॅम १६ जीबी. विंडोज त्यातली साधारण निम्मी, म्हणजे ८ जीबी, गरज पडल्यास ग्राफिक्सला वापरू देतं. चार अधिक आठ, बारा! ती आठ जीबी रॅम आहे, व्हीरॅम नाही, आणि वेगाने तिच्या जवळपासही नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. तिथे "डेडिकेटेड" आणि "शेअर्ड" असे दोन आकडे वेगळे दिसतील. आपल्या कामाचा फक्त डेडिकेटेड.

तिसरा आकडा : बस आणि बँडविड्थ

मेमरी किती आहे हे झालं. ती किती वेगाने मिळते, ते बस ठरवते. ४०६० ची बस १२८ बिटची, ४०५० ची ९६ बिटची. हिशेब सोपा आहे. बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले आठ. दोन्हीकडे मेमरीचा वेग १६ गिगाबिट धरला, तर ४०६० ला सेकंदाला २५६ जीबी आणि ४०५० ला १९२ जीबी मिळतात. रस्ता चारपदरी की तीनपदरी, एवढाच हा फरक. ५० सिरीजमध्ये मेमरी नव्या प्रकारची, जीडीडीआर७ आहे, त्यामुळे रस्ता तेवढाच रुंद असला तरी गाड्या जास्त वेगाने धावतात.

आणि कुडा कोअर? ४०५० मध्ये २,५६० आणि ४०६० मध्ये ३,०७२. हा आकडा एकाच पिढीतल्या कार्डांची तुलना करायला वापरा. दोन वेगळ्या पिढ्यांचे किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे कोअर एकमेकांसमोर ठेवले तर हिशेब चुकतो.

आकड्यांच्या बाहेरच्या तीन गोष्टी

पहिली, अडॅप्टर. दुकानात कोणालाच टीजीपी माहीत नसेल तर चार्जरची वीट उलटी करून वॅट वाचा. ११५ वॅटचं कार्ड आणि ४५ वॅटचा प्रोसेसर दोन्ही जोरात चालले तर तिथेच १६० झाले. स्क्रीन आणि पंखे अजून मोजलेच नाहीत. सोबत १५० वॅटची वीट असेल, तर कार्ड पूर्ण जोरात चालेल असं धरू नका.

दुसरी, बॅटरी. चार्जर काढला की कार्डाचा जोर बराच उतरतो. हे सगळ्याच लॅपटॉपमध्ये होतं. सबमिशनच्या रात्री प्लगजवळची जागा पकडा.

तिसरी, मक्स स्विच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये मोठ्या कार्डाने तयार केलेलं चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्समधून फिरून स्क्रीनवर येतं. मक्स स्विच असेल तर ते थेट येतं. गेमिंगवाल्यांना याने फ्रेम वाढलेल्या दिसतात. नुसतं रेंडर करणाऱ्यांनी यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

दुकानात काय विचारायचं

१. कार्डाचं पूर्ण नाव काय?
२. टीजीपी किती वॅट? डायनॅमिक बूस्ट धरून की सोडून?
३. डेडिकेटेड व्हीरॅम किती जीबी?
४. अडॅप्टर किती वॅटचा?
५. डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल असेल, तर त्यात सिस्टिम इन्फर्मेशन उघडून दाखवाल का? ग्राफिक्स पॉवरचा आकडा तिथे मिळतो.

दुसऱ्या प्रश्नाला "सर, गेमिंग लॅपटॉप आहे, सगळं चालतं" असं उत्तर आलं, तर गोड हसा आणि फोनवर कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलचं स्पेसिफिकेशन पान उघडा. पूर्ण मॉडेल नंबर टाका. एकाच नावाच्या लॅपटॉपचे चार-चार प्रकार असतात.

मग बहिणीने काय घेतलं?

आम्ही फोनवर दोन्ही मॉडेल शोधली. तो देखणा ४०६० निघाला ४५ वॅटचा. ४०५० वाला ९५ वॅटचा, पण व्हीरॅम ६ जीबी. तिला पुढे मोठे सीन करायचेत, त्यामुळे ६ जीबीचीही धास्ती होती. म्हणजे एकात जोर नाही, दुसऱ्यात जागा नाही.

मामा मात्र जिद्दीला पेटले. दोन दिवस बाजार फिरले. प्रत्येक दुकानात एकच प्रश्न, "वॅट किती?" तिसऱ्या दुकानात मागच्या वर्षीचं एक मॉडेल मिळालं. ४०६०, ८ जीबी, ११५ वॅट. प्रोसेसर एक पिढी जुना, पण किंमत त्या पातळ लॅपटॉपपेक्षा सात हजारांनी कमी. वजन अडीच किलोच्या आसपास. बहीण अजून कुरकुरते की सॅक जड होते.

काल तिचा मेसेज आला. पहिलं रेंडर झालं, वर्गातल्या मैत्रिणीच्या आधी. मैत्रिणीकडेही ४०६० च आहे, पातळवालं. तिला वाटतंय तिचा पीस खराब आहे. मी बहिणीला म्हटलं, तिला हा भाग पाठव, आणि विंडोज परत टाकू नको म्हणावं.

चला, भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत कोणी लॅपटॉप घ्यायला निघालं असेल, तर त्याला एवढंच सांगा : स्टिकर नंतर बघ, आधी वॅट विचार.