पाणी झाडाला पुरते, घामाने निथळणाऱ्या माणसाला मीठही का लागते?

जयपूर : मे महिन्यात जयपूरचा पारा 40 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. दुपारी मलूल झालेले कुंडीतील रोप पाणी मिळताच काही वेळात पुन्हा ताठ होते. त्याच उन्हात तासन्‌तास घाम गाळणाऱ्या मजुराला मात्र केवळ साधे पाणी पुरेलच असे नाही. या फरकाचे मूळ बऱ्याच अंशी पेशींच्या रचनेत आहे.

केंद्रक, पेशीपटल आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका वनस्पती व मानव या दोघांच्याही पेशींत आढळतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करणारी हरितलवके मात्र मानवी पेशींत नसतात.

वनस्पती पेशीभोवती सेल्युलोजची भक्कम भित्तिका असते. पूर्ण वाढलेल्या पेशीचा 90 टक्क्यांपर्यंतचा भाग पाण्याने भरलेली रिक्तिका व्यापू शकते. पाणी आत शिरले की भित्तिकेवर दाब येतो. पेशी फुटत नाही, उलट ताठ होते. पाणी घटल्यास हा दाब ओसरतो आणि पाने माना टाकतात. राजस्थानचा राज्यवृक्ष खेजडी, म्हणजेच शमी, खोलवर जाणाऱ्या मुळांमुळे हा पाणीपुरवठा टिकवून धरतो.

मानवी पेशीला अशी भित्तिका नसते. शुद्ध पाण्यात ठेवलेल्या तांबड्या रक्तपेशी फुगून फुटतात. म्हणूनच शिरेतून देण्याच्या सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असते.

घामावाटे पाण्याबरोबर सोडियमही जाते. त्यानंतर केवळ साधे पाणी अतिप्रमाणात प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते, पाणी पेशींत शिरते आणि त्या फुगतात. कवटीत बंदिस्त मेंदूला फुगण्यास जागा नसते. त्यामुळे डोकेदुखी, उलट्या, संभ्रम आणि गंभीर स्थितीत झटके येऊ शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ओआरएसच्या एक लिटर द्रावणात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते. सोबत पोटॅशियम क्लोराइड व सायट्रेटही असते. ग्लुकोजमुळे आतड्यात सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही. त्यामुळे पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच पाणी घेणे आवश्यक असते.

याचा अर्थ साधे पाणी टाळावे असा नाही. दीर्घकाळ घाम गेल्यास त्याच्या जोडीला ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत उपयुक्त ठरते. उच्च रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शरीराचे तापमान 40 अंशांवर जाऊन संभ्रम किंवा बेशुद्धी आल्यास तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी न घालता तिचे शरीर थंड करावे आणि तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.