दीर्घ रुग्णालयवास आणि काळाचे मोजमाप : रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात

दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागणे हा अनुभव एके काळी महाराष्ट्रात मुख्यतः क्षयरोगाशी निगडित होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या आरोग्यधामांत रुग्ण महिनेच्या महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे राहत. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने १९५९ मध्ये असे दाखवून दिले की, योग्य औषधे नियमित मिळाल्यास क्षयरोग्याची प्रकृती घरीही आरोग्यधामातल्याइतकीच सुधारते. तेव्हापासून आरोग्यधामाचे युग ओसरू लागले. आज ज्या थोड्या व्याधींत धडधाकट वयाच्या माणसाला आठवडेच्या आठवडे एका खोलीत काढावे लागतात, त्यांत रक्ताच्या तीव्र कर्करोगाचा क्रम बराच वरचा आहे.

अशा रुग्णाविषयी बोलताना ‘धीर’ हा शब्द वारंवार वापरला जातो. धीर हा रुग्णाचा अंगभूत गुण असून तो ज्याच्यापाशी असेल तो तरून जातो, ही समजूत त्यामागे असते. ही समजूत अपुरी आहे. रुग्णालयातील काळ कसा विभागला जातो, त्याची कल्पना रुग्णाला कोण देतो आणि त्या काळाचा कोणता अंश त्याच्या स्वतःच्या हाती राहतो, यांवर धीर टिकणे बऱ्याच अंशी अवलंबून असते. प्रस्तुत लेखाचा रोख या व्यवस्थेकडे आहे.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ज्यूलियस रॉथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टाइमटेबल्स’ या ग्रंथात केला. रॉथ स्वतः क्षयाने आजारी होते व आपल्या खाटेवरूनच त्यांनी निरीक्षणे नोंदविली. त्यांना आढळले ते असे : ‘घरी केव्हा जाणार’ या प्रश्नाला डॉक्टर निश्चित उत्तर देत नाहीत; तेव्हा रुग्ण आपले उत्तर आपणच तयार करतात. अमक्याला किती महिन्यांनी हिंडण्याची परवानगी मिळाली, तमक्याची शस्त्रक्रिया केव्हा झाली, अशा तुलनेतून वॉर्डात एक अलिखित वेळापत्रक रूढ होते आणि प्रत्येक रुग्ण त्याच्याशी आपली प्रगती ताडून पाहतो. अनिश्चित काळाचे असे टप्पे पाडले की तो सुसह्य होतो. वेळापत्रक चुकीचे ठरले तर रुग्ण चिडतो, डॉक्टरांशी घासाघीस करतो. परंतु वेळापत्रकच नसणे त्याला त्याहून असह्य वाटते.

रक्ताच्या कर्करोगात हे वेळापत्रक कसे असते, हे समजण्यासाठी उपचाराचे स्वरूप थोडक्यात पाहावयास हवे. रक्ताचे सर्वच कर्करोग दीर्घ रुग्णालयवासाचे नसतात. चिरकारी मायलॉइड ल्यूकेमियासाठी अमेरिकेत २००१ मध्ये इमॅटिनिब या औषधास मान्यता मिळाली. तेव्हापासून त्या रोगाचे बहुसंख्य रुग्ण गोळ्या घेत आपापल्या कामावर जाऊ शकतात. तीव्र मायलॉइड ल्यूकेमियाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या उपचाराचा १९७३ पासून प्रचारात असलेला पाया म्हणजे सात दिवस सायटॅराबीन आणि त्यांपैकी तीन दिवस डॉनोरुबिसिन. औषध देण्याचे काम अशा रीतीने आठवड्यात संपते. रुग्णालयवास मात्र साधारणपणे चार आठवड्यांचा असतो. कारण रोगट पेशींबरोबर अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही नष्ट होतात, आणि त्या पुन्हा निर्माण होईपर्यंत दोन-तीन आठवडे रुग्ण जवळजवळ निःशस्त्र असतो. संसर्गाशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर घन मिलिमीटर रक्तात ५०० च्या खाली जातात, प्लेटलेट्स १०,००० च्या खाली उतरल्या म्हणजे बाहेरून द्याव्या लागतात, तोंड येते, ताप चढतो. पहिल्या आठवड्यात काहीतरी ‘केले जात’ असते. पुढील तीन आठवड्यांत मुख्य काम वाट पाहण्याचे असते, आणि प्रकृती सर्वांत खालावते ती याच काळात. नवीन रुग्णास हे आधी सांगितलेले नसेल, तर सलाईनमधील औषध थांबल्यानंतर प्रकृती बिघडत असल्याचे पाहून उपचार फसला असाच ग्रह होतो.

म्हणजे येथे वेळापत्रक आहे. किंबहुना क्षयरोगापेक्षा ते पुष्कळच निश्चित आहे. मग अडचण कोठे येते? रॉथ यांच्या रुग्णांनी आपले वेळापत्रक परस्परांच्या संगतीत घडविले होते. व्हरांड्यातील गप्पा हे त्याचे साधन होते. न्यूट्रोफिल पेशी नसलेल्या रुग्णाला मात्र संगतच वर्ज्य असते. गाळलेल्या हवेच्या खोलीत, मुखपट्टी बांधून येणाऱ्या माणसांखेरीज कोणीही न दिसता तो राहतो. तुलनेसाठी शेजारी नाही. उरतो तो रोज सकाळी येणारा रक्ताचा अहवाल. मुंबईच्या वॉर्डांतून ‘काउंट आले का?’ हा प्रश्न दिवसाच्या आरंभी ऐकू येतो तो यामुळेच. घड्याळ आणि पंचांग या दोहोंचे काम तो एकटा आकडा करू लागतो. आकडा वाढला की तो दिवस चांगला. स्थिर राहिला की दिवस वाया गेला. वस्तुतः एका दिवसाच्या चढउताराला वैद्यकीय दृष्ट्या फारसा अर्थ नसतो. मज्जा सावरू लागण्यापूर्वी कित्येक दिवस आकडा तळाशीच राहतो, आणि हे अपेक्षितच असते. तथापि ज्याला दुसरे मोजमाप उपलब्ध नाही, त्याने या मोजमापावर विसंबू नये असे सांगणे व्यर्थ आहे.

विलगीकरणाची ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ल्यूकेमियाच्या रुग्णांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे तंबू वापरण्यात आले. त्यांना ‘लाइफ आयलंड’, म्हणजे जीवनद्वीप, असे नाव होते. तंबूला जोडलेल्या हातमोज्यांतून परिचारिका रुग्णाची शुश्रूषा करीत. नाव देणाऱ्याच्या मनात ‘जीवन’ हा शब्द असावा. आत पडून राहणाऱ्याला ‘द्वीप’ हा शब्द अधिक जाणवत असेल. येथे एक गोष्ट विसरता येत नाही. त्यापूर्वीच्या पिढीपुढे हा प्रश्नच नव्हता. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्यूकेमियाने निवर्तल्या, तेव्हा हा रोग बरा करणारे एकही औषध ज्ञात नव्हते. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी लहान मुलांत औषधाने रोग तात्पुरता मागे हटल्याचे प्रथम नोंदविले ते १९४८ मध्ये. मेहेरबाईंच्या मृत्यूनंतर टाटांच्या विश्वस्तनिधीतून मुंबईत परळ येथे उभे राहिलेले रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथेच १९८३ मध्ये भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले. दीर्घ रुग्णालयवास हे या वाटचालीचे फळ आहे. ज्या रोगात आशा नव्हती, त्यात वाट पाहण्यासारखेही काही नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पुष्कळ कुटुंबांत रुग्णाला रोगाचे नाव सांगितले जात नाही. ‘रक्तातल्या पेशी कमी झाल्या आहेत’ एवढ्यावर भागविले जाते आणि सविस्तर बोलणे दाराबाहेर, मुलगा किंवा थोरला भाऊ यांच्याशी होते. हेतू प्रेमाचा असतो, याविषयी शंका नाही. परंतु ज्याला रोगाचे नाव माहीत नाही, त्याला त्याचे वेळापत्रकही सांगता येत नाही. चौदाव्या दिवसाच्या सुमारास कमरेच्या हाडातून मज्जा का काढली जाते, पेशी भरून आल्यावर तीच तपासणी पुन्हा का होते, एकदा घरी सोडल्यावर थोड्याच दिवसांत परत का बोलावतात, यांपैकी कशाचीही संगती त्याला लागत नाही. शिवाय शेजारच्या पलंगावरून, औषधाच्या चिठ्ठीवरून किंवा रुग्णालयाच्या पाटीवरून रोगाचे नाव त्याला बहुधा कळतेच. मग तो ते घरच्यांपासून लपवितो. एकाच खोलीत दोन पक्ष एकमेकांना सांभाळीत मौन धरून बसतात, आणि चार आठवडे हा फार मोठा काळ असतो.

व्यवस्थेने काय साधते, याचा पुरावा अलीकडे उपलब्ध झाला आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मूलपेशीरोपणासाठी दाखल झालेल्या १६० प्रौढांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांकडे त्यांखेरीज वेदनाशामक शुश्रूषेचे पथक आठवड्यातून किमान दोनदा जात असे. वेदना, मळमळ, झोप यांची विचारपूस करणे आणि पुढे काय घडणार आहे ते बोलणे, हे पथकाचे मुख्य काम. दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे प्रकृती सर्वांत खालावलेली असताना, या रुग्णांच्या जीवनमानाची घसरण कमी झाली होती. विशेष म्हणजे कित्येक महिन्यांनंतरही त्यांच्यात नैराश्याची लक्षणे तुलनेने कमी आढळली. तीव्र मायलॉइड ल्यूकेमियाच्या १६० रुग्णांवर चार रुग्णालयांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. आपल्याकडे अशा पथकाला बोलावणे म्हणजे आशा सोडणे, असा समज नातेवाइकांतच नव्हे, तर काही डॉक्टरांतही आहे. वर उल्लेखिलेले रुग्ण मरणोन्मुख म्हणून निवडलेले नव्हते. ते बरे होण्यासाठी दाखल झालेले होते.

रुग्णाच्या हाती राहणारा काळ मात्र पथकाने द्यावयाचा नसतो. तो छोट्या छोट्या गोष्टींतून मिळतो. ठरावीक वेळी उठणे, दिवसाचे कपडे घालणे, खोलीतल्या खोलीत मोजून फेऱ्या घालणे यांचे शारीरिक मोल आहेच, कारण पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने क्षीण होतात. पण ‘आज वीस फेऱ्या झाल्या’ हा आकडा प्रयोगशाळेतून येत नाही, हे त्याचे दुसरे मोल होय. रात्रीच्या झोपेविषयी वॉर्डांनी अधिक विचार करावयास हवा. नाडी, ताप व रक्तदाब ठरावीक तासांनी पाहणे आवश्यक असते. त्यासाठी दर वेळी मोठे दिवे लावणे मात्र आवश्यक नसते. खिडकीसंबंधी रॉजर उलरिच यांचा १९८४ मधील निबंध प्रसिद्ध आहे. पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते, ज्यांना विटांची भिंत दिसे त्यांच्यापेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान आहे आणि तो दुसऱ्या रोगाचा आहे. त्यावर मोठा सिद्धान्त उभारू नये. पण गाळलेल्या हवेच्या खोलीची खिडकी उघडता आली नाही, तरी पलंग तिच्याकडे तोंड करून ठेवण्यास कोणताही खर्च येत नाही.

अन्नाचा प्रश्न याहून नाजूक आहे. फळे, कोशिंबिरी, कच्चे काहीही नको आणि घरचा डबा नको, असा निर्बंध अनेक ठिकाणी असतो. इटलीत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूलपेशीरोपणाच्या रुग्णांना असा निर्बंध न घातल्याने संसर्ग वाढल्याचे दिसले नाही. इटलीतील पाणी व भाजीपाला यांची अवस्था आपल्या शहरांतील अवस्थेशी सर्वस्वी जुळत नसल्याने हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. तरीही कच्चे टाळणे आणि घरचे टाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नुकताच शिजविलेला, झाकून आणलेला वरणभात डॉक्टरांच्या संमतीने देता येत असेल, तर ज्याला चव लागेनाशी झाली आहे त्याच्यासाठी तो केवळ आहार राहत नाही.

खोलीबाहेरच्या माणसांचा काळ निराळ्या मापाने मोजला जातो. दात्याकडून मिळालेल्या प्लेटलेट्स सुमारे पाचच दिवस टिकतात. म्हणून विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेला, मुंबईत कोणालाही न ओळखणारा नातेवाईक दर थोड्या दिवसांनी नव्या दात्याच्या शोधात असतो. त्याचा मुक्काम कोठे, हा प्रश्न उपचारांबाहेरचा मानला जातो. वास्तविक तो उपचारांचाच भाग होय. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा किंवा कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून काम करणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर केंद्रे यांनी निवाऱ्याची सोय केली नसती, तर किती कुटुंबे उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतली असती, याचा अंदाज परळच्या पदपथांवर पथारी टाकणाऱ्यांकडे पाहून करता येतो. आत पडलेल्या रुग्णाला बाहेरच्या या हिशोबाची जाणीव असते. ‘आणखी किती दिवस?’ असे तो विचारतो तेव्हा बुडालेली मजुरी आणि पेरणीचे दिवसही त्या प्रश्नात असतात. त्यामुळे केवळ आकडा सांगून त्याचे समाधान होत नाही. ‘तीन ते पाच आठवडे, आणि ताप आला तर अधिक’ असे मर्यादेसह दिलेले उत्तर, ‘पाहू या’ या उत्तरापेक्षा त्याला अधिक उपयोगी पडते. कारण त्यावरून घरी निरोप धाडता येतो.

पेशी भरून आल्या म्हणजे सुटीचा दिवस येतो. तो निखळ आनंदाचा असेल अशी अपेक्षा असते, परंतु अनेक रुग्ण त्या दिवशी भांबावलेले दिसतात. दार उघडे असणे, गर्दी, न गाळलेली हवा यांची भीती वाटते. रोज सकाळी येणारा आकडा आता येणार नसतो. पुढील औषधांच्या फेऱ्यांसाठी पुन्हा यावयाचे असते, आणि त्या प्रत्येक वेळी पेशी पुन्हा खाली जातात. या मधल्या दिवसांत कुटुंबाला तापमापक जवळ ठेवण्यास सांगितले जाते. १००.४ अंश फॅरनहाइट हा आकडा दिसला की रात्रीची वेळ असली तरी रुग्णालय गाठावयाचे असते. त्यामुळे घरी परतलेला रुग्णही सकाळ-संध्याकाळ वहीत ताप लिहितो, आणि वही भरत आली की पुढील फेरीची तारीख जवळ आल्याचे त्याला कळते.