फोर्ट कोचीत एक निवांत दिवस

सकाळी लवकर चिनी जाळ्यांपाशी जा. लाकडी सांगाड्याला टांगलेलं हे अवजड जाळं चार-पाच जण ओढून काढतात, कारण मागे दोरांना बांधलेले दगड त्याचं वजन तोलतात. मी बघत उभा होतो, तर एका काकांनी खुणेनंच दोर हातात दिला. मासळी मात्र मूठभर!

सेंट फ्रान्सिस चर्च जवळच. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, आधी इथं पुरला, मग अवशेष पोर्तुगालला गेले. दहा मिनिटं पुरे.

खरा वेळ मट्टनचेरीला द्या. १५६८ चं सिनेगॉग, पायाखाली हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या. शनिवारी बंद, ध्यानात ठेवा.

इथं गोव्याहून आलेल्या कोकणी सारस्वतांची जुनी वस्ती आहे. डच अधिकारी व्हान रीडच्या 'होर्तुस मलबारिकुस' या १२ खंडांच्या वनस्पतिग्रंथाला रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांची मदत होती. त्यांचं १६७५ चं निवेदन त्यात चक्क नागरी लिपीत छापलंय. ॲमस्टरडॅममध्ये, १६७८ साली!

भर दुपारी फिरू नका, दमट उकाड्यानं जीव जातो. मीनकरी-भात खाऊन ताणून द्या.

कुणी जाणार असाल तर विचारा, सांगतो.