पोथीपासून पाणवठ्यापर्यंत: समतेचा लांबचा प्रवास

वाराणसीला गेलात, तर मणिकर्णिका घाटावरून पंचगंगा घाटाकडे पायी चालत जा. वाटेत रामघाट लागतो. तिथल्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसा आणि एका मराठी पोथीची आठवण काढा. पैठणच्या संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली मराठी टीका याच काशीत, १५७३ साली पूर्ण केली.

यात विशेष काय, असं तुम्ही विचाराल. त्या काळी धर्माचं ज्ञान संस्कृतात होतं आणि ते शिकण्याची मुभा स्त्रियांना व बहुतेक जातींना नव्हती. काशीतल्या पंडितांनी मराठी भागवताला आधी विरोध केला आणि पुढे त्याच पोथीची मिरवणूक निघाली, असं परंपरा सांगते. देव सर्वांचा, तर त्याचं ज्ञानही सर्वांचं, हा त्यामागचा विचार.

पण ओवी कानावर पडली म्हणून सार्वजनिक तळ्याचं पाणी मिळालं का? नाही. त्यासाठी पुढे महाराष्ट्रातच मोठा लढा द्यावा लागला.

जोतीराव फुले यांनी थॉमस पेन यांचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. माणूस जन्मतःच समान असेल, तर मुलींना आणि शूद्रातिशूद्रांना शाळा का नाही, असा त्यांचा सवाल होता. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. म्हणजे समतेचा विचार पोथीतून शाळेत आला.

मग पाणवठ्याची पाळी आली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा ठराव सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं, पण फक्त कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

काशीतली पोथी आणि महाडची ओंजळ यांत ३५४ वर्षांचं अंतर आहे. विचार कितीही थोर असला, तरी तो आपोआप समाज बदलत नाही. त्याला कायदा लागतो आणि तो कायदा वापरणारी धीट माणसंही लागतात.

पुढे संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता उरेल. ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

आता जरा आपल्या घरात डोकावून पाहा. कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलाय का? भाडेकरू ठेवताना आधी आडनाव विचारलं जातं का? जेवणं झाल्यावर ताटं उचलायला मुलीलाच हाक जाते का?

इथे ना कायदेमंडळ येणार, ना कोर्ट. इथला ठराव आपणच करायचा आणि तो पाळायचाही आपणच. सुरुवात उद्या सकाळच्या चहापासून करता येईल: कप सगळ्यांना सारखेच.