टाकीला मीटर लावून किरणोत्सर्ग कळत नाही

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर गोल, गारेसारखे दगड सापडतात. सुफी संत शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्रात ही झिओलाइट वर्गातली खनिजे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा निवाला, तेव्हा राहिलेल्या पोकळ्यांत ती तयार झाली. समुद्रपूरच्या पाण्यात किरणोत्सर्ग असेल का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या लाव्हातच आहे.

वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग त्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा. ग्रॅनाइटमध्ये टनामागे साधारण 3 ते 5 ग्रॅम युरेनियम असते, बेसाल्टमध्ये बहुधा एका ग्रॅमहून कमी. त्यामुळे घाबरण्याचे कारण इथे मुळातच कमी आहे. पण खोल बोअरचे पाणी कोणकोणत्या थरांतून येते, हे वरून दिसत नाही. शिवाय शेतातल्या खतांमुळे पाण्यात नायट्रेट वाढले, तर ते खडकातले युरेनियम विरघळायला मदत करते. म्हणून प्रत्येक स्रोताची एकदा तरी तपासणी व्हायलाच हवी.

ती कशी करायची, यात मोठी गफलत होते. हातातला गॅमा मीटर टाकीजवळ धरला की जमिनीचा आणि भिंतींचा किरणोत्सर्ग मोजला जातो, पाण्याचा नाही. युरेनियमचे अल्फा कण साधा कागदही ओलांडत नाहीत, मग ते पाण्यातून आणि सिमेंटच्या भिंतीतून बाहेर कसे येणार? त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात, नाहीतर युरेनियम बाटलीलाच चिकटून बसते. पुढे पाणी आटवून उरलेल्या क्षारांतले अल्फा आणि बीटा मोजतात. रेडॉन या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे तंत्र वेगळे. तो वायू असल्याने टाकीत पडता पडताच बराचसा उडून जातो, म्हणून बोअरच्या तोंडाशीच हवाबंद बाटली भरावी लागते.

आता आकडे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक 10500 नुसार एकूण अल्फाची मर्यादा लिटरला 0.1 बेकरेल आहे आणि युरेनियमची 30 मायक्रोग्रॅम. पण 30 मायक्रोग्रॅम नैसर्गिक युरेनियमच सुमारे 0.75 बेकरेल अल्फा देते. म्हणजे युरेनियमच्या कसोटीला उतरलेले पाणी अल्फाच्या कसोटीत नापास होऊ शकते. असा अहवाल आला की पाणी विषारी आहे अशी हाकाटी होऊ नये. अल्फाची चाचणी ही चाळणी आहे. तिच्यात अडकलेल्या नमुन्यात नेमके कोणते मूलद्रव्य आहे, ते पुढे शोधायचे असते. लिटरला 30 मायक्रोग्रॅम युरेनियम असलेले पाणी रोज दोन लिटर असे वर्षभर प्यायले, तरी त्यामुळे मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या 0.1 मिलिसिव्हर्ट या पातळीच्या जेमतेम पाव भरते. युरेनियमचा खरा धोका किरणांचा नाही, मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक इजेचा आहे. आणि पाणी उकळून युरेनियम जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. नायट्रेटचेही तसेच.

माझे मत स्पष्ट आहे: या तालुक्यात आधी नायट्रेट बघावे, त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत मोठा. त्यासोबतच त्याच स्रोताचे युरेनियमही मोजून घ्यावे. आपल्या नळाला पाणी कोणत्या विहिरीचे किंवा बोअरचे येते आणि या दोन्हींचा शेवटचा अहवाल कोणत्या तारखेचा आहे, हे नगरपंचायतीला लेखी विचारा.