दगडी भिंतीचा कैवार

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमी हादरली आणि किल्लारीसह आसपासची अनेक गावे भुईसपाट होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. धक्का ६.२ तीव्रतेचा, म्हणजे भूकंपशास्त्राच्या हिशेबी मध्यम. शिवाय तत्कालीन भूकंपनकाशात हा टापू सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात दाखल होता. (तो विभागच पुढे २००२ च्या सुधारित मानकातून रद्द झाला.) इतक्या संहाराचे कारण भूगर्भात जितके होते, तितकेच घराच्या भिंतीत होते.

मराठवाड्यातील जुन्या घराची भिंत ही वस्तुतः दोन भिंती असतात. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे व चिखल कोंबलेला. जाडी दोन फुटांची, कित्येक ठिकाणी त्याच्या दुपटीची. लाकडी खणांवर फळ्या, फळ्यांवर मातीचे माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी त्यावर नवी माती पडे, जुनी सहसा कोणी उतरवीत नसे, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या माथ्यावरचे ओझे वाढत जाई. जमीन आडवी हलू लागली म्हणजे, दोन्ही थरांना सांधणारा दगड कोठेच नसल्यामुळे, तुरीची वाळलेली शेंग उलावी तशी ही भिंत मधोमध उलते, आतला भराव खाली बसत थरांना बाहेर रेटतो, आणि जिच्या जाडीवर घरधन्याची सारी भिस्त, तीच त्याच्या अंगावर येते. उलट कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जागच्या जागी उभा राहिला व भिंती तेवढ्या ढासळल्या.

अशा बांधकामाचा अभ्यास रुडकी विद्यापीठात आनंद स्वरूप आर्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वीपासून चालवला होता. तेथील प्रयोगाची तजवीज मला विलक्षण वाटते: रुळांवरच्या वाघिणीवर घराची प्रतिकृती बांधायची, तिच्यावर दुसरी वाघीण आदळवायची, आणि कोणत्या कोपऱ्यात तडा प्रथम जातो ते टिपून घ्यायचे. अशा अभ्यासांतून निघालेले नियम कोणाही गवंड्याला उमजतील इतके सुबोध आहेत. भिंत ४५ सेंटिमीटरहून जाड नसावी. उंचीत निदान दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत दर १.२ मीटरला एक लांब दगड तिच्या आरपार जावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सळ्या घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा सर्व भिंतींना वेढून फिरावा. घर आधीच उभे असेल तर भिंतीतले निवडक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक पाडतात, दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई त्यात ठेवतात आणि भोवती काँक्रीट भरतात. दुभंगलेली भिंत त्यायोगे एकजीव होते.

भूकंपानंतर लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला, आणि ज्यांनी आपली माणसे ढिगाऱ्यातून उपसून काढली, त्यांना त्याबद्दल दोष देणे केवळ अमानुष होईल. तथापि सारा गुन्हा दगडाच्या माथी मारून जो तो सिमेंटकडे वळला, याची किंमत मोठी आहे. मानवी व्यवहारातून वातावरणात जाणाऱ्या एकूण कर्बवायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून जातो. कारण भट्टीला इंधन लागते हे तर खरेच, पण चुनखडी भाजताना तिच्यातूनही तो वायू सुटतो. याउलट काळा दगड गावच्या शिवारातला, भट्टीवाचून मिळणारा, आणि त्याची जाड भिंत वैशाखातही घर गार राखणारी. उभे घर पाडून नवे बांधण्यापेक्षा तेच सांधून मजबूत करणे, यात सिमेंटचा वापर इतका अल्प होतो की पर्यावरणाचे व प्राणरक्षणाचे हित येथे एकाच उपायाने साधते.

दख्खनच्या पठारावर अशी घरे आजही असंख्य आहेत. त्यांच्या डागडुजीसाठी प्रशिक्षित गवंडी हवेत, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलाद-काँक्रीटाइतकाच दगडमातीचा अभ्यास घडायला हवा. या दोहोंना वेळ लागेल. माळवदावरची वाढीव माती उतरवून वीतभर थर ठेवण्याचे काम मात्र येत्या पावसाळ्यापूर्वी, घमेले-फावड्याने, ज्याच्या त्याच्या घरी सुरू होऊ शकते.